जमिनीचं बघा

मी छत बघणारी बाई. माझं गाव लातूर जिल्ह्यातलं, भूकंपानंतर माळावर नव्यानं वसवलेलं. मी जन्मले तीच त्या नव्या गावात. पण आमच्याकडे अजूनही कुणाच्या घरी गेलं की माणूस आधी वर बघतो आणि मग बसतो. दगडमातीचं छत डोक्यावर आलं की माझ्या वडिलांचं बोलणं तुटक होतं आणि ते कारण काढून अंगणात जातात. ही सवय मला घरातूनच लागली. पुढे विष्णुपुरीला इंजिनिअरिंग झालं, कंत्राटी नोकरी लागली, आणि लोह्याकडच्या गावांमधून जुनी घरं तपासत फिरायचं काम मिळालं. तेव्हा मला वाटलं, हे काम आपल्यासाठीच ठेवलं होतं.

काम साधं होतं. ज्या घरात राहण्यानं माणसाच्या जिवाला किंवा तब्येतीला धोका आहे, त्याच्या दुरुस्तीला सरकारी अनुदान मिळायचं. आम्ही जायचं, फॉर्म भरायचा, फोटो काढायचे. छत, भिंत, वायरिंग, चुलीचा धूर, न्हाणी-संडास, उजेड-वारा असे रकाने होते. जमिनीचा रकाना नव्हता. तो नाही, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

त्या घरी मी पहिल्यांदा गेले ती श्रावणात. जुन्या गावठाणात, एकामागे एक तीन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत किराणा दुकान, मधल्या खोलीत स्वयंपाक, मागे कोठी. घर एका म्हातारीच्या नावावर. ती उदगीरकडून सून म्हणून आलेली, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग. तिच्या माहेरच्या कानडीत आईला अव्वा म्हणतात; सगळं गाव तिला अव्वाच म्हणायचं. मुलगा ट्रक चालवायचा, महिन्यातून चार-पाच दिवस घरी. सून घरी असायची, पंचविशीची, बारीक, डोळ्यांखाली काळं.

दुकानावर स्लॅब होता, बाकी दोन खोल्यांवर पत्रे. पत्रे नवे, भिंती सरळ. मागच्या खोलीला खिडकी नव्हती. मी विचारलं, "ही खोली कशाला वापरता?"

"कोठी हाय," अव्वा म्हणाली.

मी कोठी लिहिलं. कोठीला खिडकीची गरज नसते. खोलीत एक बाज होती, तिच्यावर गोधडी होती, खाली एक घडी केलेली सतरंजी होती. हे सगळं मी बघितलं आणि तरी कोठीच लिहिलं. घर पात्र नाही असा शेरा मारून चहा घेतला आणि निघाले.

पाण्याच्या टाकीपाशी स्कूटी लावली होती. मागे पावलं वाजली. सून होती. डोक्यावरचा पदर सावरत, दुकानाकडे एकदा वळून बघत ती म्हणाली, "मॅडम, छताचं न्हाई. जमिनीचं बघा."

"काय झालं जमिनीला?"

"वढते ती."

मला कळलं नाही. तिनं शब्द शोधले. "मी खाली झोपते, अव्वा बाजंवर. सकाळी उठायचं म्हनलं की उठू वाटत न्हाई. उठावं लागतंय हे समदं कळतंय. पर उठू वाटत न्हाई. डोकं असं गच्च धरून ठिवल्यावानी. अन् मॅडम, तिथं देवापुढं दिवा लावला तर टिकत न्हाई. वारं न्हाई, काई न्हाई. आपला आपला जातो."

"घरी सांगितलं का?"

"सांगून राहिले की. अव्वा म्हनते, मला कसं हुत न्हाई? एकाच खोलीत झोपतो."

मी तिच्या डोळ्यांखाली बघितलं, नखं बघितली. म्हणाले, "रक्त तपासून घ्या. अंगात रक्त कमी असलं की असं होतं." तिनं मान हलवली. हे तिला आधीही कुणीतरी सांगितलेलं असावं, अशी ती मान होती. ती परत गेली. मी पुढच्या गावाला गेले.

पितृपंधरवड्यात पुन्हा त्याच गल्लीत जाणं झालं. शेजारच्या घराला अनुदान मंजूर झालं होतं आणि तिथं काम चालू होतं. तीन दिवस झड लागलेली, आभाळ अगदी खाली आलेलं. शेजारीण चहा देता देता म्हणाली, "त्या दुकानवाल्याची सून गेली म्हायेरला. नायगावला. धाडून दिली."

"कामून?"

"लागीर झालं म्हनतेत. कोठीतून उठंचना. वढून बाहीर आनली तवा बोलली." मग आवाज खाली गेला. "अन् मांजरीचं कळलं का? कोठीत पिलं घातली हुती तिनं, पोत्याच्या मागं. चार पिलं अन् मांजर, समदी गेली. कुत्र्यानं धरलं न्हाई, काई न्हाई. झोपल्यावानी पडली हुती, पिलं पोटाला लागलेली. अव्वानं ते सुनंच्या माथी मारलं."

मी कप खाली ठेवला. पाण्याच्या टाकीपाशी तिनं सांगितलेलं सगळं एकदम आठवलं. मांजर आणि पिलं, तीही जमिनीवरच होती.

अव्वा दुकानात गूळ जोखत होती. मी म्हणाले, कोठी पुन्हा बघायची आहे. तिनं गिऱ्हाईक वाटेला लावलं आणि पुढे झाली. पण कोठीच्या उंबऱ्यावर थांबली. मी आत गेले.

दुपार होती, तरी आत संध्याकाळ असल्यासारखं होतं. शहाबादी फरशी, जुनी, जागोजागी सांधे उघडे पडलेले. वास म्हणावा असा काही नव्हता, थोडा आंबूस, ओल्या पोत्यासारखा. मी बसले. मोबाईलचा उजेड सांध्यांत टाकला. एका फरशीपाशी सांधा बोटभर उघडा होता. फोटो नीट येईना म्हणून मी आडवी झाले, गाल जवळजवळ फरशीला लावला.

पुढचं सांगताना मला आजही नीट सांगता येत नाही. मला काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. फक्त फोटो काढून झाल्यावर मी उठले नाही. गरज वाटली नाही. फरशी गार होती आणि ते गार बरं वाटत होतं. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता, तो लांब, दुसऱ्याच कुठल्या गावात पडतोय असं वाटलं. छाती थोडी जड झाली होती, पण ती माझी छाती नव्हे, दुसऱ्या कुणाची तरी, असं. मनात एक शब्द सरळ उभा होता, ऊठ. आणि तो मला उद्देशून आहे असं वाटत नव्हतं.

"मॅडम."

अव्वाचा आवाज.

"मॅडम, खाली नका राहू. उठा. उठा म्हनते न्हवं!"

ती आत आली, पण वाकली नाही. उभ्यानंच माझ्या दंडाला धरून तिनं ओढलं. सत्तरीच्या बाईच्या हातात इतका जोर कुठून आला कोण जाणे. मी भिंतीला धरून उभी राहिले आणि उभी राहताच मोठ्यानं श्वास घेतला. पाण्यातून वर आल्यावर घेतो तसा.

दुकानाच्या पायरीवर मी बराच वेळ बसून होते. डोकं ठणकत होतं. अव्वानं पाणी दिलं.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"काय?"

"खाली राहायचं नाही हे."

ती बरण्या सरळ लावू लागली. "आमच्या सासूनं सांगितलं हुतं. मी नवी नवरी हुते तवा. ह्या खोलीत खाली झोपायचं न्हाई, बाज घ्यायची. कामून ते सांगितलं न्हाई. मी इचारलंबी न्हाई."

"मग सुनेला सांगितलं का?"

पाऊस चालू होता. एक गिऱ्हाईक आलं, साखर घेऊन गेलं. मग ती म्हणाली, "बाज एकच हाय."

शेजारच्या कामावर एक जुना गवंडी होता, साठी ओलांडलेला, त्याच गावचा. मी त्याला बोलावून आणलं. त्यानं आधी काठीचा बुडखा फरशीवर आपटला. भिंतीकडेनं आवाज भरीव होता. खोलीच्या मध्ये काठी आपटली तेव्हा तो बदलला. रिकाम्या मडक्यासारखा, पण कितीतरी मोठ्या मडक्याचा. गवंड्यानं काठी तिथंच टेकवून ठेवली.

"पेव हाय," तो म्हणाला. "ज्वारीचं. गावठानात जुन्या घरात असायचं, जमिनीखाली धान साठवायला. ह्यांनी वरून फरशी घातली अन् इसरले."

मग त्यानं काठीच्या टोकाला चिंधी बांधली, तेलात बुडवून पेटवली आणि उंबऱ्यातूनच ती खोलीत धरली. छातीएवढ्या उंचीवर ती फडफडून जळत होती. त्यानं हळूहळू खाली नेली. कंबरेला जळत होती. गुडघ्यापाशी आली तशी ज्योत लांब झाली, पिवळी पडली, चिंधीपासून वर सुटल्यासारखी दिसली आणि गेली. विझली असंही म्हणता येईना. हौदात बुडवावी तशी गेली. त्यानं पुन्हा पेटवली, पुन्हा खाली नेली. पुन्हा त्याच उंचीला. तिसऱ्यांदा कोपऱ्यात नेली, तिथंही तेवढ्याच उंचीवर.

म्हणजे ती खोली गुडघ्यापर्यंत कशानं तरी भरली होती. ते दिसत नव्हतं, हलत नव्हतं, आणि थोड्या वेळापूर्वी मी त्यात आडवी झाले होते. दोन पावसाळे ती पोरगी रोज त्यात झोपली होती, आणि तिच्यापासून हातभर उंच, बाजेवर, अव्वा.

"वाईट हवा," गवंडी म्हणाला. "पेवात उतरायच्या आधी कंदील सोडायचे आमचे लोक. कंदील गेला की मानूस उतरायचा न्हाई. पावसाळ्यात खालून पानी चढतंय, आभाळ दाटतंय, तवा ती वर येते. उन्हाळ्यात काई न्हाई. म्हनून कुनाच्या ध्यानात येत न्हाई."

नंतर मी वाचलं. धान्य कुजताना हवेतला प्राणवायू खातं, उरलेली जड हवा तळाशी साचते, खाली पाणी चढलं की फटींतून वर लोटली जाते. पुस्तकातलं सगळं बरोबर होतं. पण गुडघ्याएवढ्या उंचीवर ज्योत चिंधी सोडून गेलेली मी बघितली होती. ते पुस्तकात कुठं नव्हतं.

त्या दिवशी अव्वाची बाज दुकानात हलवली आणि कोठीला कुलूप घातलं. मी कचेरीत जाऊन साहेबांना सांगितलं. ते चांगले गृहस्थ होते, पण नियमांचे.

"पेव कुठल्या रकान्यात बसतं?" त्यांनी विचारलं.

"उजेड-वाऱ्याच्या."

"तुमच्याच पाहणीत ही कोठी आहे. कोठीला उजेड-वारा लागत नाही."

"ती झोपण्याची खोली आहे, सर. माझी पाहणी चुकली."

"तसं लिहून द्याल?"

"देते."

मी लिहून दिलं. पहिल्या पाहणीत झोपण्याची खोली कोठी म्हणून नोंदवली, रहिवाशाने तोंडी तक्रार केली असता तिची दखल घेतली नाही. दुसरं वाक्य लिहायची गरज नव्हती. साहेब म्हणालेही, की हे कशाला? मी ते तसंच ठेवलं. दिवाळीनंतर मंजुरी आली. जमिनीखालची पोकळी बुजवणं, नवी जमीन, मागच्या भिंतीत खिडकी, वर झरोका.

पेव उघडलं ते मार्गशीर्षात, भर दुपारी. आधी मागची भिंत फोडून खिडकीची जागा मोकळी केली, छताचा एक पत्रा काढला, दार उचलून ठेवलं. मग फरशा काढल्या. खाली गोल दगडी झाकण निघालं, चुन्यानं बसवलेलं, वर बोटांचे ठसे तसेच. घाईघाईनं चुना लावला की उमटतात तसे. झाकण सरकवलं तेव्हा सगळेच दोन पावलं मागे झाले. वास आता लपलेला नव्हता. फवारणीच्या पंपानं तीन दिवस आत हवा मारली. कुणीही उतरायचं नाही असं मी बजावून ठेवलं होतं, पण बजावायची गरज नव्हती. कुणी काठावरही बसत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी गवंड्यानं दुकानातला आरसा आणला. उघड्या छतातून ऊन येत होतं. त्यानं ते आरशावर घेतलं आणि खाली टाकलं. उजेडाचा गोळा पेवाच्या भिंतीवरून उतरत गेला. भिंतीत पाय ठेवायच्या खोबण्या होत्या, एकाखाली एक, वापरून गुळगुळीत झालेल्या. तळाला काळा ढीग होता, कधीकाळी ज्वारी असलेला. आणि ढिगावर एक दुरडी होती. सरळ ठेवलेली, काठोकाठ भरलेली. तिच्या कडीला दोर बांधलेला होता. दोर वरच्या दिशेनं भिंतीला चिकटून आला होता आणि पुरुषभर उंचीवर संपला होता. कापल्यासारखा.

कुणीतरी उतरलं होतं. दुरडी भरली होती. ती वर ओढलेली नव्हती. उतरणारं माणूस वर आलं की नाही, ते कोण होतं, किती वर्षांपूर्वीचं, तिथं उभ्या असलेल्यांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. माणसाचं काही तळाला नव्हतं, तेवढं गवंड्यानं आरसा फिरवून फिरवून बघितलं.

अव्वा उंबऱ्यात होती. "दिसतंय का काई?" तिनं विचारलं. मी सांगितलं. ती आली, वाकून बघितलं, आणि बराच वेळ तशीच वाकून राहिली.

"आमच्या सासूला ठाऊक असंल," ती म्हणाली. "तिनं मला एवढंच सांगितलं. खाली झोपू नको." मग माझ्याकडे न बघता, "मला रातच्याला बाजंवरनं पाय खाली सोडायचं भ्या वाटायचं, मॅडम. पन्नास वर्सं. पोरगी खाली झोपलेली दिसायची. मी म्हनायचे, तिला काई हुत न्हाई, म्हंजे काई नसंल."

गवंड्यानं विचारलं, दुरडी गळ टाकून काढू का? अव्वा म्हणाली, "राहू द्या." त्या दुरडीवरच मुरूम पडला. दोन ट्रॅक्टर मुरूम त्या तोंडातून खाली गेला तेव्हा कुठे तो वर दिसायला लागला. पाणी मारून, धुम्मसानं ठोकून वर काँक्रीट घातलं.

माघात मी शेवटच्या पाहणीला गेले. खिडकीतून ऊन थेट नव्या जमिनीवर पडलेलं होतं. सून परत आली होती. नवऱ्यानं नायगावला तीन खेपा घातल्या होत्या, मग आली. डोळ्यांखालचं काळं गेलं होतं. ती दुकानात बसली होती आणि अव्वा मधल्या खोलीत भाकरी करत होती.

मी कोठीचे फोटो घेतले. सून मागे येऊन उंबऱ्यावर उभी राहिली. मी म्हणाले, "आता काही काळजी नाही. बघा, सगळं भरून काढलं."

"मी सांगून राहिले तवा तुमी रक्त तपासा म्हनला," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मांजर मेली तवा आलात."

"हाव," मी म्हणाले. "चुकलं माझं."

तिनं पायाच्या अंगठ्यानं नवी जमीन दाबून बघितली. "दुरुस्त झालं म्हनता ना? मग झोपून दावा."

बॅग बाजूला ठेवली आणि मी त्या नव्या जमिनीवर आडवी झाले. खाली काय आहे हे मला माहीत होतं. मुरूम आहे, मुरमाखाली दुरडी आहे. इंजिनिअर म्हणून मला खात्री होती. पण अंगाला खात्री नव्हती. मी श्वास मोजू लागले. छातीवर काही येतंय का याची वाट बघू लागले. ती उंबऱ्यावरून माझ्याकडे बघत होती. पापणी लवत नव्हती. किती वेळ गेला सांगता येणार नाही. गार जमीन, वर झरोक्यातून आलेला उजेडाचा पट्टा, मधल्या खोलीतला भाकरी थापल्याचा आवाज. मग तो आवाज थांबला.

"बास," सून म्हणाली. "उठा."

मी उठले. लगेच, आपल्या आपण. ते तिनं नीट बघून घेतलं. मग ती आत आली, मी होते तिथंच बसली, आणि पाठ टेकली. डोळे उघडे ठेवून. तिच्या मुठी वळलेल्या होत्या.

अव्वा दारात आली. हाताला पीठ. सुनेला जमिनीवर बघून तिच्या तोंडून काहीतरी कानडी निघालं. मग ती भिंतीला धरून, गुडघे कडकड वाजवत, तिच्याशेजारी खाली बसली. या खोलीत ती जमिनीला टेकली ती पहिल्यांदाच. ती आडवी झाली नाही. सुनेच्या अंगावर हातही ठेवला नाही. नुसती बसून राहिली, पीठ लागलेले हात मांडीवर उलटे ठेवून.

"अव्वा, तवा जळतोय," सून म्हणाली.

"जळू दे," अव्वा म्हणाली.

फॉर्मला घरमालकासह फोटो लागतो. मी तो बाहेर दुकानासमोर घेतला. अव्वानं सुनेला कोपरानं पुढे ढकललं, "हिचाबी घ्या." सून आली, पण अव्वापासून हातभर लांब उभी राहिली. फोटोत ते अंतर दिसतं. गल्लीत रेंज नव्हती म्हणून तो मी पाण्याच्या टाकीपाशी येऊन अपलोड केला.

पुढच्या पावसाळ्यात, झड लागलेली असताना, मी काम नसताना एकदा तिकडून गेले. खिडकी उघडी होती, पाऊस आत येत होता तरी उघडी होती. सून म्हणाली, ती दुकानातच झोपते, अव्वाही तिथंच. नवीन बाज घेतली आहे. कोठीत आता तेलाचे डबे आणि मिठाची पोती ठेवतात.